डाव्या बाजूचा जबडा

लुकांग, ३ मार्च १९८८

बी-यून,

हे अक्षर माझं नाही, त्साय मास्तरांचं आहे. तेव्हा माझं नाव बघून पत्र फेकणार असशील तर निदान मास्तरांच्या अक्षराचा मान ठेव. निवृत्त झाल्यापासून ते देवळासमोर टेबल टाकून बसतात आणि लोकांची पत्रं लिहितात. मी सांगते, ते लिहितात. मधेमधे माझं बोलणं सुधारतात, त्याला मी जबाबदार नाही.

तुझा पत्ता शू-फनने दिला. तिच्यावर रागावू नकोस. नवीन वर्षाला घरी आली होती, तिच्या आईने तिला चेहऱ्यावरची लव काढून घ्यायला माझ्याकडे पाठवलं. गालाला पांढरी पावडर लागली आणि दोरा फिरायला लागला की माणूस बोलतोच, तू लहानपणापासून बघितलंयस. ती म्हणाली की तुम्ही दोघी एकाच कारखान्यात आहात, बारीक बारीक सुटे भाग जोडता, आणि तिथे सगळ्यांनाच दिवसभर तोंडाला फडकं बांधून बसावं लागतं. मी म्हटलं, वा, चांगली नोकरी आहे. आणि ती गेल्यावर दार लावून रडले. मास्तर म्हणतात, हे कशाला लिहायचं. मी म्हटलं, लिहा.

तिनेच सांगितलं की उन्हाळ्यात तुझं पुन्हा ऑपरेशन आहे. पायातलं हाड काढून त्याचा जबडा करणार. असं करता येतं हे मला माहीतच नव्हतं. ताइपेईच्या दवाखान्यात घरच्या माणसाची सही मागतात, आणि तू त्यांना सांगितलंस, घरचं कोणी नाही.

बी-यून, मी आहे. पन्नास-पंचावन्नची बाई आहे, हातपाय धड आहेत, सही करता येते. मला बोलाव. एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

जे झालं त्याबद्दल तू साडेतीन वर्षं अबोला धरलायस. धर. पण एक सांग, माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिला काय कळलं असतं? तुझी डावी बाजू भरायला लागली तेव्हा अख्खी गल्ली म्हणत होती, पोरीचा चेहरा उघडतोय. भरलेला जबडा म्हणजे म्हातारपणीचं सुख, हे काय मी शोधून काढलं? तुझी सासू लग्नाआधी तुला बघायला आली तेव्हा तुझी हनुवटी धरून म्हणाली होती, "हिच्या पायगुणाने मी नव्वदीपर्यंत जगेन." उदबत्तीचं एवढं मोठं दुकान असलेली बाई. तिलाही नाही कळलं. आणि लग्नानंतर पाचव्या महिन्यात त्यांच्या घरी ऊस खाताना तुझा जबडा मोडला, त्यात माझा काय हात? दवाखान्यातला डॉक्टरच म्हणाला ना, कॅन्सर नाही, हाडातली साधी गाठ आहे. साधी गाठ बाहेरून कशी ओळखायची? मी काय डॉक्टर आहे? मी दोरा फिरवणारी बाई.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

तुझी आई


लुकांग, २७ मार्च १९८८

बी-यून,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं. मास्तर म्हणतात, कारखान्यात काम जास्त असेल. मास्तर भला माणूस आहे.

परवा मात्सू देवीच्या देवळात तुझी सासू भेटली. तू म्हणशील, ती आता माझी सासू नाही. बरं, ती बाई भेटली. तिच्या वन-लुंगचं दुसरं लग्न झालं, मुलगा झाला, तुला कळलंच असेल. नातू कडेवर होता. मी बाजूने निघून जात होते, तर मुद्दाम हाक मारली.

"काय विहीणबाई, ओळख विसरलात?"

"तुम्हाला कोण विसरेल," मी म्हटलं.

"मी नाही विसरले. भरलेला जबडा म्हणून दाखवलात आणि पोकळ जबडा दिलात."

देवळात, लोकांसमोर. मीपण काय कमी आहे? म्हटलं, "माझी पोर तुमच्या उंबरठ्याच्या आत आली तेव्हा धडधाकट होती. जे काही लागलं ते तुमच्या घरात लागलं."

"पाच महिन्यांत?"

"दोन महिन्यांत. डॉक्टरला मी तेच सांगितलंय."

तिने नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या बोटांना माणसाच्या गालावरचा एक केस कळतो, बाई. लोक त्याचेच तर पैसे देतात तुम्हाला." आणि गेली.

हे मी मास्तरांना सांगत होते आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "आ-स्युए, एक विचारू? पोरगी खरंच धडधाकट होती?"

मी म्हटलं, "तुम्ही लिहायला बसलात की चौकशीला?"

ते म्हणाले, "लिहितो. पण हा मजकूर सांगताना तुम्ही दर वेळी रस्त्याकडे बघता."

आता हेसुद्धा त्यांनी लिहून टाकलंय. असू दे. सांगायचं ते एवढंच की सही करायला मी येऊ शकते. तू हल्ली काय खातेस? शू-फन म्हणाली, पेज आणि मऊ शेवया, आणि तेही सगळ्या जेवून उठल्यावर, भिंतीकडे तोंड करून.

मास्तर म्हणतात, कागद संपला. संपलेला नाही, मला दिसतोय.

आई


लुकांग, १४ एप्रिल १९८८

बी-यून,

हे अक्षर माझं आहे. जपान्यांच्या वेळच्या शाळेत चार वर्षं काढली, त्यानंतर एवढं लांब कधी लिहिलं नाही. अडलेला शब्द शेजारच्या दुकानात विचारून येते, पण पूर्ण वाक्य कोणाला दाखवत नाही. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी लिहिते. आज चौथी सकाळ आहे.

मागच्या आठवड्यात तुझ्या बाबांच्या कबरीवर गेले होते, गवत काढायला. त्यांना मी सगळं सांगितलं. मेलेल्या माणसाला सांगणं सोपं असतं. मग वाटलं, जिला सांगायला हवं ती बसने पाच तासांवर आहे.

लग्नाच्या आदल्या दिवसाचं सांगते. नवरीच्या चेहऱ्याला पहिला दोरा लावायचा तो नवरा आणि मुलगे असलेल्या बाईने, विधवेने नाही. गावातल्या निम्म्या बायकांचे चेहरे मी करते, पण नवरी आली की मी उठते आणि आ-गिन मावशीला बोलावते. तुझ्यासाठीही तीच ठरली होती. सकाळी नऊला येणार होती. आठ वाजता मी तिच्या घरी गेले आणि सांगितलं, पोरीला ताप आहे, आज नको, सगळं झालंय असंच समज. तिला लाल पाकिटातून शकुनाचे पैसे दिले. ती म्हणाली, "अगं, अपशकुन होईल." मी म्हटलं, "होऊ दे." मग घरी येऊन दार लावलं आणि तुला स्टुलावर बसवून मीच दोरा घेतला.

तू विचारलंस, "आई, तू कशी? मावशी नाही आली?" मी म्हटलं, "तिचा हात मुरगळलाय." आठवतं?

मावशीला का येऊ दिलं नाही, ते आता तुला सांगायला हवं. तिची बोटंही माझ्यासारखीच आहेत. तिला कळलं असतं.

डाव्या बाजूला मी अंगठ्याने कातडी ताणली, आणि खाली हाड दबलं. मांस नव्हे, हाड. उकडलेल्या अंड्याचं कवच बोटाखाली दबतं तसं, बारीकसं, आणि मला वाटतं आवाजही झाला. तुला दुखलं नाही. तू डोळे मिटून बसली होतीस, ओठांवर हसू होतं. चाळीस वर्षांत मी हजारो चेहऱ्यांवरून हात फिरवलाय, हाड कधी दबलेलं नाही. दोऱ्याचं टोक माझ्या दातांत होतं. मी स्वतःला नंतर कितीदा सांगितलं की तोंडात दोरा होता म्हणून बोलले नाही. दोरा थुंकायला किती वेळ लागतो?

मी डाव्या बाजूला पावडर जरा जास्त लावली आणि म्हटलं, "झालं. बघ कशी दिसतेस."

इथपर्यंत लिहून थांबले होते. वाटलं, झालं सांगून. पण हेही पूर्ण खरं नाही.

मला त्याच्याही आधी कळलं होतं. तू एकोणीसची होतीस, डाव्या बाजूची मागची दाढ हलत होती आणि तू म्हणालीस, "चांग-हुआला दातांच्या डॉक्टरकडे जाऊ या का?" मी तुझ्या जबड्यावरून हात फिरवला. आत चिंचोक्याएवढं काहीतरी होतं. मी म्हटलं, "अक्कलदाढ असेल." दुसऱ्या वर्षी ते सुपारीएवढं झालं आणि बाहेरून चेहरा छान भरलेला दिसायला लागला. लोक म्हणायला लागले, काय भाग्याचा जबडा आहे. मी पण म्हणायला लागले. बी-यून, लोकांपेक्षा मी जास्त म्हणत होते. माझ्या स्टुलावर जी बसेल तिला सांगत होते. दोरेवाली सांगते म्हटल्यावर गावाने मानलं, आणि ऐकत ऐकत तुझ्या सासरी, शिह्यांच्या घरापर्यंत गेलं. तुझं स्थळ त्या गाठीनेच आणलं, आणि त्या भाग्याची कंडी मीच पिकवली होती. मग तू दुसऱ्यांदा म्हणालीस, "आई, आतून जड वाटतं." तेव्हा स्थळ ठरलं होतं. मी म्हटलं, "लग्न होऊ दे, मग जाऊ." तू मान डोलावलीस. तू नेहमीच ऐकायचीस.

मला वाटायचं, बापाविना पोर, एकदा त्या घरात गेली की निभावलं. सासरचे पैसेवाले आहेत, तेच नेतील डॉक्टरकडे. खोटं बोलत नाही, असाच विचार होता. वाईट हेतू नव्हता म्हणून मी स्वतःला रोज झोपू दिलं.

आता ताइचुंगच्या दवाखान्याचं. डॉक्टरने विचारलं, "किती दिवसांपासून आहे?" तू बोलू शकत नव्हतीस, जबडा बांधलेला होता. मी म्हटलं, "दोन महिने." तू नर्सकडून कागद मागून घेतलास आणि लिहिलंस: तीन वर्षं. मी तो कागद तुझ्या हातातून घेतला, घडी केली आणि ब्लाऊजमध्ये ठेवला. म्हटलं, "पोरगी गुंगीत आहे." डॉक्टर म्हणाला, "दोन महिन्यांत गाठ एवढी होत नाही, बाई. वेळेत आणली असती तर खरवडून काढली असती, जबडा राहिला असता. ही गाठ मारत नाही, पण हाड खात जाते." तू माझ्याकडे बघत होतीस. त्यानंतर तू माझ्याकडे बघितलेलं मला आठवत नाही. चार महिने माझ्या घरात होतीस, पेज मी भरवायची, तू वाटीकडे बघायचीस. शरदाच्या पौर्णिमेला सकाळी उठले तर तू नव्हतीस.

तुला वाटत असेल, मी तुझ्या सासूच्या भीतीने खोटं बोलले. तेही होतं. पण खरं म्हणजे डॉक्टरसमोर मला लाज वाटली. दुसऱ्यांच्या पोरींचे चेहरे हाताने वाचणारी आई, आणि स्वतःच्या पोरीचं हाड तीन वर्षं बोटाखाली वाढत असताना भाग्य भाग्य करत बसली. तुझा जबडा जाणार होता आणि मी माझी लाज वाचवत होते.

मला माहीत होतं. पुन्हा लिहिते, म्हणजे तुला शोधावं लागणार नाही. मला माहीत होतं.

सही करायला बोलाव असं आता म्हणत नाही. म्हणायला तोंड नाही.

आई


लुकांग, ९ मे १९८८

बी-यून,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा एका बाईच्या गालाला पावडर लावून झाली होती. तिला तशीच बसवून मी आत गेले. ती बिचारी अर्धा तास पांढरं तोंड घेऊन बसली आणि शेवटी रुमाल तोंडाला लावून घरी गेली.

पाच ओळी आहेत. पाठ झाल्यात. "ऑपरेशन २ जूनला आहे. शू-फनची सही चालत नाही म्हणतात, रक्ताचं माणूस लागतं. सकाळी आठला ये, सही कर आणि जा. खोलीत यायचं नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघायचं नाही."

येते. जे लिहिलंयस तसंच करेन.

मी एक वाक्य पुढे लिहिलं होतं, दरवाजातून एकदा बघितलं तर, असं. ते खोडलंय. वर काळं दिसतं ते तेच आहे. तुझा चेहरा कोणी कधी बघायचा ते इतकी वर्षं मी ठरवलं, आता तू ठरव.

तुझ्या पत्रात माझ्या आधीच्या पत्राबद्दल एक शब्द नाही. मी शोधला. मागची बाजूही बघितली. मग कळलं की तू सही करायला बोलावलंस ते ते पत्र वाचल्यावरच. याच्यापेक्षा जास्त मी त्यातून काढणार नाही. चेहऱ्यातून नको ते अर्थ काढण्यात माझं आयुष्य गेलंय, पत्रातून तरी काढायला नको.

मास्तर विचारत होते, हल्ली टेबलाकडे फिरकत नाही, दुसरा लेखनिक गाठलात का? मी म्हटलं, "हो, अक्षर वाईट आहे, पण स्वस्त पडतो."

आई


ताइपेई, दवाखान्यातलं बाकडं, २ जून १९८८

बी-यून,

हे पत्र नर्सकडे देऊन जाईन. तुला वाटेल तेव्हा वाच, नाहीतर नको वाचूस.

पहाटेची नाही, आदल्या दिवशीचीच बस धरली. उशीर होईल अशी भीती होती. बसस्थानकावरच बसले रात्रभर. सातला इथे आले.

सही तीन ठिकाणी करायची होती. एक तरुण डॉक्टर होता, चष्मेवाला, तुझ्यापेक्षा लहान असेल. त्याने जुनी कागदपत्रं मागवली होती, त्यात दोन महिने लिहिलेलं होतं. त्याने सहज विचारलं, "पहिली गाठ दोन महिने होती ना?"

मी म्हटलं, "तीन वर्षं. तिला त्रास होत होता आणि तिने मला दोनदा सांगितलं होतं. मी नेलं नाही. तसं लिहा."

त्याने मान वर केली नाही. जुनं खोडलं आणि नवीन लिहिलं. विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?" मी म्हटलं, "आई." त्याने तेही लिहिलं. दोन्ही एकाच ओळीत आलं.

सही करून जायचं, असं तू लिहिलं होतंस. मी गेले नाही. हा पहिला शब्द मी मोडला, आधीच सांगते. खाली फाटकापर्यंत गेले, बस उभी होती, आणि पाय चढेना. परत येऊन या बाकड्यावर बसले. इथून तुझी खोली दिसत नाही, फक्त लिफ्ट दिसते. शू-फन दुपारी येऊन गेली, तिने मला बघितलं. भाताचा डबा ठेवून गेली.

अकरा तास लागले. संध्याकाळी सातला लिफ्टचं दार उघडलं आणि ढकलगाडी बाहेर आली. नर्सने नाव घेतलं तेव्हा कळलं, तू आहेस. मी उठून भिंतीकडे तोंड केलं. बी-यून, तुझ्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. शपथेवर सांगते. नर्स म्हणाली, "आजी, बघा ना, छान झालंय सगळं." मी म्हटलं, "मला परवानगी नाही." तिला वाटलं, माझं डोकं फिरलंय.

पुढचं दार अडकलं होतं म्हणून गाडी माझ्या पाठीशीच थांबली. मी खाली बघत होते, आणि खाली बघताना कोपरापाशी तुझा पाय दिसला. ज्या पायातलं हाड काढलं तो. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पट्ट्या, आणि बोटं उघडी. नर्स दुसरीला सांगत होती, बोटं उघडीच ठेव, गरम आहेत का ते दर तासाला बघायचंय.

मी हात मागे केला आणि तुझ्या पायाची बोटं धरली. गरम होती. मग दार उघडलं आणि त्यांनी तुला नेलं.

चेहऱ्याकडे बघायचं नाही म्हणाली होतीस, पायाला हात लावू नको म्हणाली नव्हतीस. पण ही पळवाट आहे, मला कळतं. तुझ्या अंगाला तुला न विचारता पुन्हा हात लावला. त्याची माफी मागते. बाकीची मागायची माझी हिंमत नाही.

शेवटची बस साडेआठला आहे. मी निघते.

आई